व्हर्लिनचा नेम

व्हर्लिन हॉगनचं कुरण आणि माझं कुरण यांच्यामध्ये एकच तारेचं कुंपण आहे. मी लग्न करून इथे आले तेव्हा तो ऐन उमेदीत होता, आणि साउथ डकोटाच्या या कोपऱ्यात कुणाच्याही मेंढ्यांना कायोटीचा त्रास सुरू झाला की पहिला फोन त्याला जायचा. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान असं हे जनावर. मेंढ्या विऊ लागल्या की घिरट्या घालायला लागतं, आणि एकदा कोकराची चटक लागली की रोजची हजेरी लावतं.

व्हर्लिन यायचा. गाडी लांब उभी करून चालत जायचा, वारा तोंडावर घेऊन कुठल्यातरी झुडपाला टेकून बसायचा आणि ओठात धरलेली लाकडी शिट्टी फुंकायचा. ती जखमी सशासारखी किंचाळायची. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक गोळी. दुसरी गोळी मी फार क्वचित ऐकली. मेलेला कायोटी कुंपणावर टांगून ठेवायची हौस इथे पुष्कळांना होती. त्याने ते कधी केलं नाही. "त्याला त्याची पिल्लं पोसायची असतात, तुला तुझी," माझ्या नवऱ्याला तो एकदा म्हणाला होता, "एका कोकरात दोघांचं भागत नाही, एवढंच." यापुढे या विषयावर त्याचं काही म्हणणं नव्हतं. बंदुकीची त्याला आवड होती असंही मला कधी वाटलं नाही. ते काम त्याला जमायचं, म्हणून तो ते करायचा.

बोलायचं खातं त्याच्या बायकोकडे होतं. आर्लिस दोघांच्या वाटचं बोलायची, आणि तो शेजारी बसून मान हलवायचा. ती गेली आणि त्या घरातला आवाजच बंद झाला. पुढच्या हिवाळ्यात गुडघे फारच कुरकुरायला लागले तेव्हा त्याने मेंढ्या विकल्या, कुरण पुतण्याला चारायला दिलं आणि घरात तो आणि रेडिओ एवढेच उरले. मुलगी मिनेसोटात. ती दर नाताळात म्हणायची, "बाबा, आता आमच्याकडे चला," आणि तो दर नाताळात म्हणायचा, "बघू उन्हाळ्यात."

त्याला दोस्त म्हणावा असा एकच माणूस होता, रॉइस ट्वेट. एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. रॉइसने आयुष्यभर डिझेलचा टँकर चालवला, कुरणाकुरणांवर तेल पोचवलं, आणि तेलाबरोबर बातम्याही. पुढे त्याच्या बायकोचे, बॉनीचे, सांधे धरले म्हणून ती दोघं ऍरिझोनाला उन्हात राहायला गेली. आमच्याकडचे म्हातारे थंडी चुकवायला तिकडे पळतात. रॉइस मात्र दर फेब्रुवारीत तिकडून इकडे यायचा, आठवडाभर, खास व्हर्लिनबरोबर कायोटी मारायला. बॉनी म्हणायची, या माणसाचं डोकं गोठल्याशिवाय त्याला बरं वाटत नाही.

मी सांगतेय त्या फेब्रुवारीत तो आला तो एक यंत्र घेऊन. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे कॉफीला आले आणि त्याने ते माझ्या जेवणाच्या टेबलावर, केकच्या शेजारी मांडलं.

"मार्डेल, तू तरी सांग याला. हा अजून लाकूड चोखत बसतो. यात बघ, आवाज भरलेत, ससा आहे, पाखरू आहे, भांडणारा नर आहे, कायोटीची रडणारी पिल्लं आहेत. लांब नेऊन ठेवायचं, इथे बसून बटण दाबायचं."

"कॉफी करतं का?" व्हर्लिनने विचारलं.

"तू हस. उद्या त्यातून पिल्लं रडायला लागली की अख्ख्या जिल्ह्यातले कायोटी धावत येतील."

"मग गोळ्या पुरायच्या नाहीत."

मी त्यांना सांगितलं की माझ्या मेंढ्या सध्या ओढ्याकाठच्या कुरणात आहेत आणि मोझेस त्यांच्याजवळ आहे. मोझेस म्हणजे माझा राखणीचा कुत्रा. पांढरा, वासराएवढा, मेंढ्यांतच जन्मलेला आणि मेंढ्यांतच झोपणारा. माझा नवरा गेल्यापासून माझा कळप खऱ्या अर्थाने तोच सांभाळत होता. व्हर्लिन म्हणाला, "आम्ही वर टेकड्यांकडे जाणार. तिथवर तो येत नाही." तेही खरंच होतं. मेंढ्या सोडून मोझेस कधी लांब गेला नव्हता.

पुढचं मी दोघांकडून ऐकलं. रॉइसकडून भरपूर, व्हर्लिनकडून थोडंसं. पण दोघांचं जुळतं.

दोन दिवस ऊबदार वारा सुटला होता आणि बर्फ बरंचसं वितळलं होतं. आमच्याकडची माती ओली झाली की तिला माती म्हणवत नाही. बुटाला चिकटते ती सुटत नाही, चार पावलांत पाय मणाचा होतो. व्हर्लिनला हे ठाऊक होतं. जमीन घट्ट गोठलेली असताना निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, असा त्याचा नेहमीचा हिशेब. पण रॉइसचं यंत्र सुरू होईना. त्याच्या बॅटऱ्या उलट्या बसल्या होत्या. ते उमगेपर्यंत उजाडून गेलं.

पहिल्या जागी यंत्रातला ससा किंचाळत राहिला आणि दोघं चिखलात मांडी घालून बसले. कावळ्याच्या जातीचे काळेपांढरे पक्षी तेवढे आले, यंत्राभोवती उड्या मारून, चौकशी करून गेले. रॉइसला खोकला आला. तो खोकला दाबताना त्याचा पाय जमिनीवर ठेवलेल्या रिमोटच्या बटणावर पडला आणि सशाच्या जागी एकदम भांडणारा नर गुरगुरायला लागला.

"आता ससाच कायोटीला खातोय असं वाटेल त्यांना," व्हर्लिन म्हणाला आणि उठला. उठायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

तिथून निघताना गाडी रुतली. झुडपं तोडून चाकांखाली घातली, रॉइस मागून ढकलायला लागला, व्हर्लिनने जोर दिला आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल रॉइसच्या तोंडावर बसला. गाडी निघाली. रॉइस आत येऊन बसला आणि बराच वेळ नुसता रुमालाने डोळे पुसत राहिला. त्या दिवसात तो गप्प बसल्याची ही पहिली वेळ.

दुसऱ्या जागी कायोटी आला. समोरच्या उतारावर चक्क उघड्यावर येऊन आडवा उभा राहिला. असा कायोटी व्हर्लिनने पूर्वी जांभई देता देता मारला असता.

"आला," रॉइस कुजबुजला. "उजवीकडे. दगडाच्या खाली."

"कुठल्या दगडाच्या?"

"अरे, एकच दगड आहे तिथे!"

व्हर्लिनने बंदूक वळवली, फार वेळ तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि गोळी झाडली. माती उडाली ती दगडाच्याही वर, कुठल्या कुठे. कायोटीने मान वळवून त्या मातीकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि घाई न करता टेकडीमागे निघून गेला.

"तुला दिसला होता ना?" रॉइसने विचारलं.

"दिसला."

"मग?"

"वारा होता."

"व्हर्लिन, गवताची काडी हलत नव्हती."

व्हर्लिनने रिकामं काडतूस उचलून खिशात टाकलं आणि गाडीकडे चालायला लागला.

गाडीत बसून त्यांनी डबे उघडले. ब्रेडमध्ये लोणी आणि सॉसेजचे काप, आणि बाटलीतली कोमट कॉफी. रॉइसचे मोजे ओले झाले होते, ते त्याने हीटरसमोर वाळत घातले आणि सगळ्या गाडीत त्यांचा वास भरला. तो म्हणाला, "चल लेका, परत जाऊ. आज काही खरं नाही. घरी जाऊन पत्ते खेळू."

"आणखी एक जागा," व्हर्लिन म्हणाला. "कोरड्या ओहोळाच्या तोंडाशी."

नंतर मी त्याला विचारलं होतं, का रे नाही परतलास? तो म्हणाला, "ती गोळी तशी चुकल्यावर घरी जाववेना."

ओहोळाच्या तोंडाशी ते बसले तेव्हा वारा वळला होता. टेकड्यांकडून खाली, माझ्या ओढ्याकडे वाहत होता. रॉइसने या वेळी पिल्लांचा आवाज लावला, आणि मधूनमधून मोठ्या कायोटीचं केकाटणं. तो आवाज वाऱ्याने थेट माझ्या कुरणात नेला. माझ्या मेंढ्यांच्या जवळ कायोटी ओरडताहेत, एवढंच मोझेसला कळलं असणार. त्याने जे करायचं ते केलं. त्यांना हुसकायला निघाला.

ओढा पार करून आला, त्या चिखलातून आला. पांढरा म्हणावा असा एक केसही त्याच्या अंगावर राहिला नव्हता. पोटापासून पाठीपर्यंत तपकिरी करडा, अगदी वाळल्या गवताच्या रंगाचा, अंग जमिनीलगत ठेवून पळत येणारा.

रॉइसला तो आधी दिसला. "डावीकडे येतोय. केवढा मोठा आहे बघ. थांब, थांब जरा, मला दुर्बीण—"

व्हर्लिन थांबला नाही.

जनावर कोलमडलं, उठायला गेलं, पुन्हा पडलं. रॉइसने दुर्बीण डोळ्याला लावली होती. तो म्हणाला, "व्हर्लिन. गळ्यात पट्टा आहे."

रॉइस सांगतो, त्यानंतर व्हर्लिनचं तोंड त्याने पाहिलं आणि त्याला वाटलं हा माणूस इथेच मरतो की काय. दोघं धडपडत तिथे गेले. गोळी पुढच्या उजव्या पायाला खांद्याखाली लागली होती. हाड फुटून बाहेर आलं होतं. मोझेस व्हर्लिनला ओळखायचा. तो पिल्लू असल्यापासून व्हर्लिन कुंपणाशी उभा राहून त्याचे कान खाजवायचा. तो गुरगुरला नाही. त्याने मान उचलून व्हर्लिनचा वास घेतला आणि पुन्हा खाली टाकली.

जखमी जनावर तसंच ठेवायचं नाही, हे व्हर्लिनच्या अंगात मुरलेलं. त्याने बंदूक उचलली. नळी कुत्र्याच्या डोक्यापाशी नेली, मागे घेतली, पुन्हा नेली. मग त्याने ती रॉइसच्या हातात दिली आणि तो चिखलात बसला. नुसता बसून राहिला.

"उठ," रॉइस म्हणाला. "अरे उठ! जिवंत आहे तो. मार्डेलकडे नेऊ."

"नेऊन काय सांगू?"

"ते मग बघू. आधी उठ."

रॉइसने आपल्या कमरेच्या पट्ट्याने कुत्र्याचा पाय वर आवळून बांधला. व्हर्लिनचा कोट जमिनीवर पसरून त्यावर मोझेसला ओढला, आणि दोन्ही म्हाताऱ्यांनी कोटाची टोकं धरून त्याला गाडीपर्यंत नेलं. चढ होता. ज्यांनी आमच्या मातीतून रिकाम्या हाताने चढ चढलाय त्यांना हे सांगायला नको. चार पावलं टाकायची, खाली ठेवायचं, धापा टाकायच्या. रॉइसला वाटलं छातीत कळ येतेय. तो बोलला नाही. व्हर्लिनचा एक बूट चिखलात राहिला. तो तसाच, मोज्यावर चालत राहिला.

मी पाण्याच्या हौदात उरलेलं बर्फ फोडत होते, तेव्हा त्यांची गाडी अंगणात शिरली. व्हर्लिन कधी अशी भरधाव चालवत नाही. गाडी थांबायच्या आत रॉइस उतरला, नखशिखांत चिखलाने माखलेला, आणि मला म्हणाला, "मार्डेल, माझ्या हातून तुझा कुत्रा जखमी झालाय. मी मारली गोळी. मला कायोटी वाटला."

मी मागे धावले. मोझेसला पाहिलं आणि जे तोंडाला येईल ते रॉइसला बोलले. ऍरिझोनात जाऊन तुझं डोकं वाळलं, तुझ्या त्या खेळण्याला आग लाव, माणसं आंधळी होतात ती घरात बसतात. तो मान खाली घालून उभा राहिला. व्हर्लिन स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

जनावरांचा डॉक्टर गावात, तासाभराच्या रस्त्यावर. मी माझी गाडी काढली. मागच्या सीटवर मोझेस, आणि त्याचा पाय धरायला व्हर्लिन. मेंढ्यांजवळ आता कुणीच नव्हतं, म्हणून रॉइसला म्हटलं, "तू इथे राहा. जा ओढ्याकडे आणि त्यांच्यावर लक्ष ठेव. एवढं तरी जमेल ना?"

"जमेल," तो म्हणाला. त्याच्या पायात ऍरिझोनाहून आणलेले बूट होते, पातळ तळाचे. मी ते पाहिलं आणि तरीही त्याला पाठवलं.

डांबरी रस्त्याला लागलो. मग व्हर्लिन मागून म्हणाला, "रॉइस खोटं बोलला. बंदूक माझ्या हातात होती."

मी आरशात पाहिलं. मोझेसचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

"तो म्हणाला थांब. मी थांबलो नाही."

"का?"

"दिसत नव्हतं म्हणून. थांबलो असतो तर तेवढंही दिसेनासं झालं असतं."

मग थोडं थोडं करत त्याने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यापासून सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं. समोरून गाडी आली की तिच्याभोवती नुसता उजेड पसरायचा. वाचता तर येतच नव्हतं. आलेली पत्रं तो पुतण्याला "चष्मा सापडत नाही" म्हणून वाचायला लावायचा. डॉक्टरकडे गेलो तर लायसन्स काढून घेतील, लायसन्स गेलं की कुरणावर राहणं संपलं, आणि मग मिनेसोटात मुलीच्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत. म्हणून गेला नाही.

"दिसत नाही तर बंदूक घेऊन बाहेर पडायचं कशाला?" मी म्हणाले. रागानेच म्हणाले.

"बरोबर आहे तुझं."

"तिथे मी असते तर? माझी नातवंडं असती तर?"

"बरोबर आहे," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या आवाजात नुसता थकवा होता. भांडायला समोरच्यात थोडी तरी धुगधुगी लागते.

डॉक्टरने पाय वाचत नाही म्हणून सांगितलं आणि खांद्यापासून काढला. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. व्हर्लिनच्या एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, आणि तो चिखल वाळून फरशीवर पडत होता. तिथल्या मुलीने त्याला विचारलं, तुम्हालाही काही लागलंय का? तो म्हणाला, "नाही. मी बरा आहे." मग वाकून हाताने चिखल गोळा करायला लागला. तिने नको नको म्हटलं तरी करत राहिला.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास आम्ही परतलो. मोझेस रात्रभर डॉक्टरकडेच राहणार होता. ओढ्याकाठी रॉइस पालथ्या बादलीवर बसला होता, माझ्या गोठ्यातली घोंगडी अंगाभोवती गुंडाळून, आणि मेंढ्यांशी मोठमोठ्याने बोलत होता. नंतर कळलं, कायोटीला माणसाचा आवाज नको असतो म्हणून तो दुपारभर न थांबता बोलत होता. त्याचा घसा बसला होता. त्याने विचारलं, "आहे?" मी म्हटलं, "आहे. तीन पायांवर." तो म्हणाला, "देवाची कृपा," आणि मी त्याला म्हटलं, "मला कळलं. गोळी तुझी नव्हती."

त्याने व्हर्लिनकडे पाहिलं. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. त्याचा चेहरा पडला.

"सांगून टाकलंस?"

"हो."

"मी कशाला बोललो होतो मग? मी परवा निघून जाणार. मला शिव्या पडल्या तर माझं काय बिघडणार होतं? तुला इथे राहायचंय."

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"सांगावं लागतं का?"

"तुझं खोटं अंगावर घेऊन मी रोज त्या कुंपणाशी उभा राहू?" व्हर्लिन म्हणाला. "मला नाही जमणार. तुला जमलं असतं, तुझं बरं आहे."

"माझं बरं आहे!" रॉइसचा घसा साथ देत नव्हता. "चढावर माझ्या छातीत कळ येत होती, माहितीये? पण तुझं ते कोटाचं टोक मी सोडलं नाही."

व्हर्लिन वळून त्याच्या छातीकडे बघायला लागला. कळ आल्याचं त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. मी दोघांना आत चला म्हटलं, गरम सूप आहे म्हटलं. दोघंही नको म्हणाले आणि एकाच गाडीत बसून गेले, दुसरा इलाज नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळीच, ठरल्याच्या आधी, रॉइस ऍरिझोनाला निघाला. जाताना माझ्याकडे थांबला. यंत्र त्याने माझ्या फाटकाच्या खांबाशी ठेवलं. "कोकरांच्या वेळी उपयोगी पडेल," म्हणाला, "पण पिल्लांचं बटण दाबू नकोस." छाती दाखवून घे असं मी त्याला बजावलं. तिकडे गेल्यावर त्याने ती डॉक्टरला दाखवली. औषधं सुरू झाली.

मी व्हर्लिनवर पुष्कळ दिवस रागावून होते. खोटं कशाला सांगू. मोझेस परत आला तो कोठाराच्या दाराशी पडून राहायचा. उठायचा, तोल जायचा, पुन्हा बसायचा, आणि मेंढ्यांच्या आवाजाच्या दिशेने बघत राहायचा. ते बघितलं की मला कुंपणापलीकडचं घर नजरेसमोर नको व्हायचं. पण मार्च लागला आणि एका सकाळी व्हर्लिनचा फोन आला. "रॅपिड सिटीच्या दवाखान्यात डोळ्यांची तारीख मिळाली आहे. नेशील का? स्वतः गाडी चालवत गेलो तर चुकीचं दिसेल."

हसू आलं मला. नेलं.

मोतीबिंदू होते, दोन्हीकडे. आधी एक काढला, काही आठवड्यांनी दुसरा. पहिल्या डोळ्याची पट्टी काढल्यावर मी त्याला घरी सोडायला गेले, तर तो स्वयंपाकघरात मध्येच उभा राहिला. ओट्याकडे, भिंतीकडे, छताकडे बघत राहिला.

"हे एवढं घाण आहे?" तो म्हणाला. "आणि कुणी काही बोललं नाही?"

"आर्लिस बोलली असती."

"हो," तो म्हणाला. आणि खुर्ची ओढून बसला, त्या घाणीतच, कोट न काढता.

लायसन्स राहिलं. बंदुका त्याने पुतण्याला देऊन टाकल्या. आता तर दिसतंय, असं पुतण्याने म्हटल्यावर तो म्हणाला, "दिसतंय म्हणूनच."

माझ्या मेंढ्या विऊ लागल्या तेव्हा मोझेस तीन पायांवर चालायला शिकला होता, पण धावायला नाही, आणि कायोटीला ते लगेच कळलं. एका पहाटे मी बाहेर आले तर वरच्या उतारावर व्हर्लिनची गाडी उभी. मी काही म्हटलं नव्हतं, त्यानेही काही विचारलं नव्हतं. गाडीत बसून तो कुरणावर नजर ठेवायचा, आणि काही हललं की हॉर्न वाजवायचा. सगळा हंगामभर तो हॉर्न मी ऐकला. मी कॉफी न्यायची, तो काच खाली करून घ्यायचा. रविवारी त्याच्याकडे रॉइसचा फोन यायला लागला होता, असं त्याने मला एकदा सांगितलं. काय बोलता, मी विचारलं. "तो बोलतो," व्हर्लिन म्हणाला. "मी आहे का, तेवढं मध्येच विचारतो." भांडण मिटलं का, ते मी विचारलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत रॉइस आला नाही. बॉनीची तब्येत, असं कारण होतं, आणि ते खरंही होतं.

त्याच वसंतात, कोकरांचा हंगाम संपत आला होता तेव्हाची गोष्ट. उन्हं वर आली होती. व्हर्लिन गाडी घेऊन खाली आला, माझ्या दाराशी थांबला, पण उतरला नाही. मी बाहेर गेले.

"एक नेलं," तो म्हणाला. "जुळ्यातलं, लहान. मला झोप लागली होती. डोळे उघडले तेव्हा कायोटी कोकरू तोंडात धरून चढावर निघाला होता. अगदी स्वच्छ दिसला. शेपटीचा काळा झुपका दिसला."

"जाऊ दे रे. एकच ना. बाकीची तू राखलीस."

"मी हॉर्न वाजवला. त्याने वळूनही पाहिलं नाही."

"आत ये. अंडी करते."

"नको. घरी जातो. थोडा पडतो." गाडी चालूच होती, हात मांडीवर. मग म्हणाला, "मार्डेल, मी आता दमलोय गं. झोपलो तरी दमतो."

मी त्याच्या दारावर हात ठेवला, तो पत्रा ऊन लागून कोमट झाला होता. मग तो निघाला. रस्त्यावर त्याची गाडी हळूहळू जाताना मी पाहत राहिले, आणि आत येऊन त्या आईमेंढीला गेलेल्या कोकराच्या जागी लावायला दुसऱ्या वाड्यातलं एक पोरकं कोकरू शोधायला लागले.